कातडीखालची जागा

एडिंबरोतल्या एका वृद्ध बाईंना मज्जातंतूच्या दुखण्यानं हैराण केलं होतं. मान, खांदा, हात धरून कळा येत आणि रात्रीची झोप उडालेली. त्या काळी अशा कळांवर खात्रीचा उपाय एकच होता, अफू. पण अफू या बाईंना पोटातून सोसत नसे. २८ नोव्हेंबर १८५३ च्या रात्री दहा वाजता डॉ. अलेक्झांडर वूड त्यांच्याकडे गेले. बोटानं दाबून दाबून त्यांनी खांद्याजवळचा सर्वांत दुखरा ठिपका शोधला, काचेच्या छोट्या पिचकारीचं टोक तिथं कातडीखाली सरकवलं आणि अफूपासून काढलेल्या मॉर्फिनच्या द्रावणाचे वीस थेंब आत सोडले. हे द्रावण त्यांनी शेरी या मद्यात केलं होतं. पाण्यात केलं तर उपकरण गंजेल, कडक स्पिरिटात केलं तर आतली जागा चुरचुरेल, असा हिशेब. दहाएक मिनिटांत बाईंना भोवळ आल्यासारखं झालं, मग कळ ओसरली आणि त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वूड पुन्हा आले, तेव्हाही त्या पुरत्या जाग्या झालेल्या नव्हत्या.

आज केसपेपरवर डॉक्टर ‘एस. सी.’ अशी दोन अक्षरं लिहितात. सबक्युटेनियस, म्हणजे कातडीखाली. शिरेत नाही, स्नायूत नाही, कातडीच्या आतही नाही, तिच्या खाली. इन्सुलिन घेणारा प्रत्येक माणूस ही जागा रोज गाठतो. पण औषध ठेवायला अशी एक जागा आपल्या शरीरात आहे, हे वैद्यकाला कळून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. या जागेचा पुढचा इतिहास मुंबईतून जातो, म्हणून तो मराठीत नीट सांगायला हवा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

वूडच्या आधी औषध शरीरात जाण्याच्या वाटा मोजक्या होत्या. तोंडातून, बस्तीतून किंवा वरून लेप लावून. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात आणखी एक वाट निघाली, तिचं वर्णन वाचतानाही अंगावर काटा येतो. स्पॅनिश माशी नावाच्या भुंगेऱ्याच्या भुकटीचा लेप लावून कातडीवर मुद्दाम फोड आणायचा, फोडाची साल काढायची आणि खालच्या लाल ओल्या भागावर मॉर्फिनची पूड भुरभुरायची. १८३६ मध्ये लाफार्ग या फ्रेंच डॉक्टरांनी त्यावर तोड काढली, ती म्हणजे नस्तराचं टोक मॉर्फिनमध्ये बुडवून कातडीत खुपसायचं. औषध आत किती गेलं हे कोणालाच सांगता येत नसे.

डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलात फ्रान्सिस रिंड यांनी ३ जून १८४४ ला याहून पुढचं पाऊल टाकलं. चेहऱ्याच्या असह्य कळांनी त्रासलेल्या एकोणसाठ वर्षांच्या बाईच्या कातडीखाली त्यांनी पोकळ नळीतून मॉर्फिनचं द्रावण सोडलं. त्यांच्या उपकरणाला दट्ट्या नव्हता. चार ठिकाणी टोचून द्रव आपल्या वजनानंच खाली उतरू द्यायचा. बाईंना झोप लागली. रिंड यांनी हे छापलं, पण उपकरण कसं होतं ते सविस्तर सांगितलं १८६१ मध्ये, म्हणजे श्रेयाचा वाद पेटल्यावर. लियोंमध्ये शार्ल प्रावाझ यांनी १८५३ मध्येच स्क्रू फिरवून थेंब थेंब सोडणारी चांदीची पिचकारी केली होती. तिचा उपयोग रक्तवाहिनीतलं रक्त गोठवण्यासाठी होता, कातडीखाली औषध देण्यासाठी नव्हता. वूड यांची काचेची पिचकारी लंडनच्या फर्ग्युसन या कारागिराची होती आणि तीही वेगळ्याच कामासाठी, जन्मखुणांवरच्या उपचारासाठी, घडवलेली होती. मधमाशीची नांगी पाहून आपल्याला ही कल्पना सुचली असं वूड सांगत.

वूड यांचा ठाम समज असा, की औषध जिथं टोचलं तिथंच काम करतं. म्हणून दुखरा ठिपका शोधून तिथंच टोचायचं. १८५५ मध्ये त्यांनी आपला लेख छापला, त्याच्या शीर्षकातच दुखऱ्या जागांवर थेट अफू पोचवण्याची भाषा होती. खांद्यात टोचलेली बाई बारा तास झोपेतून उठत नाही, म्हणजे औषध मेंदूपर्यंत पोचलं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. शरीरभर होणारा परिणाम त्यांना दिसलाही होता. पण इलाजाचा खरा गाभा त्यांना दुखऱ्या जागीच वाटत राहिला.

हा गाभा दुसरीकडे असल्याचं लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलातल्या तरुण चार्ल्स हंटर यांनी दाखवलं. तेही आधी वूड यांच्याच रीतीनं टोचत होते. एकाच जागी वारंवार टोचल्यानं त्यांच्या रुग्णांना तिथं गळवं झाली. मग त्यांनी नाइलाजानं दूर, चांगल्या जागी टोचलं आणि कळ तशीच थांबली. चेहरा दुखत असताना दंडात टोचलं तरी चेहऱ्याची कळ जाते, याचा अर्थ कातडीखाली ठेवलेलं औषध रक्तात उतरतं आणि सगळ्या अंगात फिरतं. १८५८ पासून हंटर हे मांडू लागले. आपली रीत वूड यांच्या रीतीहून निराळी आहे हे ठसवण्यासाठी त्यांनी तिला ग्रीक शब्दांवरून ‘हायपोडर्मिक’ म्हटलं. वूड यांचा शब्द लॅटिन वळणाचा ‘सबक्युटेनियस’ होता. दोन्हींचा अर्थ कातडीखाली असाच. वैद्यकीय नियतकालिकांत दोघांची अशी जुंपली की अखेर लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीनं समिती नेमली. १८६७ मध्ये समितीनं निवाडा दिला की दुखऱ्या जागी टोचा नाही तर दूर टोचा, परिणामात फरक पडत नाही. हंटर बरोबर होते. सुई मात्र जगात वूड यांच्या नावानं ओळखली गेली, आणि हंटर यांचं नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. मला हा अन्याय वाटतो. सुई टोचण्याचं धाडस आणखी दोघा-तिघांनी केलं होतं. सुईनं नेमकं काय होतं हे हंटर यांनी शोधलं.

कातडीला दोन थर असतात. वरचा पातळ, खालचा चिवट. टोचण्याच्या बहुतेक जागी दोन्ही मिळून जाडी साधारण दोन मिलिमीटर भरते. म्हणूनच आजच्या इन्सुलिन पेनला चार मिलिमीटरची सुई पुरते. या दोन थरांखाली, स्नायूच्या वर, चरबीचा सैल थर असतो. चिमटीत कातडी धरून उचलली की स्नायू खाली राहतो आणि जे वर येतं त्यातच हा थर असतो. इथं रक्तवाहिन्या स्नायूपेक्षा कमी, म्हणून औषध सावकाश झिरपतं आणि परिणाम बराच काळ टिकतो. जागा सैल असल्यानं थोडा द्रव तिथं सहज मावतो. पण तोंडातून दिलेलं औषध ओकून काढता येतं. इथं ठेवलेलं परत काढता येत नाही. या एका गोष्टीनं पुढच्या पन्नास वर्षांत बरंच काही घडवलं.

पहिला फटका मॉर्फिनचाच बसला. अफूची तलफ ही खाण्याची, म्हणजे पोटाची गोष्ट. कातडीखालून दिलेलं मॉर्फिन पोटात जातच नाही, तेव्हा त्याची सवय लागणार नाही, असा समज पसरला होता. डॉक्टर रुग्णाच्या हातात पिचकारी देऊन जात. १८७० मध्ये इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांनी या प्रकाराबद्दल जाहीर धोक्याची सूचना दिली आणि १८७७ मध्ये बर्लिनच्या लेव्हिनश्टाइन यांनी मॉर्फिनच्या व्यसनावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. वूड यांची पत्नी याच सुईनं, मॉर्फिनच्या अतिरेकानं गेली, अशी एक गोष्ट अजूनही छापली जाते. ती खरी नाही. वूड १८८४ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी त्यानंतर दहा वर्षं जगल्या.

वूड आणि हंटर यांनी कातडीखाली ठेवलं ते औषध. पाश्चर यांनी तिथं रोगच ठेवला, मात्र दुबळा करून. ६ जुलै १८८५ ला पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरच्या पोटाच्या कातडीखाली सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूचा अर्क टोचला गेला. दहा-अकरा दिवसांत अशा तेरा सुया झाल्या. मुलगा वाचला. पाश्चर स्वतः डॉक्टर नसल्यानं सुई दुसऱ्या डॉक्टरांनी टोचली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पुढे ओडेसात जन्मलेला एक तरुण शास्त्रज्ञ कामाला लागला, त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. पटकीची लस तयार करून हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ ला ती आधी स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासलं आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असं निदान केलं. व्हिएगस मूळ गोव्यातल्या हडफडेचे. मुंबई रिकामी होऊ लागली. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ही लस कशी वाढवली ते बघण्यासारखं आहे. चपट्या बुडाच्या मोठ्या काचेच्या कुप्यांत मांसाचं पातळ सूप. गोमांस चालणार नाही हे ओळखून पुढे बोकडाचं मांस वापरलं गेलं. त्या सुपावर साजूक तुपाचे थेंब सोडायचे. तुपाचा तवंग तरंगतो आणि प्लेगचे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात. कुपी न हलवता उजेडात धरली तर तवंगाखालून पांढुरक्या झुंबरासारखे धागे उतरलेले दिसत. ही ठेवण प्लेगच्या जंतूची ओळखही ठरली. मग कुपी हलवायची, धागे तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे धागे उतरत. असं सुमारे सहा आठवडे चाले. शेवटी तापवून जंतू मारायचे आणि रक्षणासाठी थोडं कार्बॉलिक ॲसिड घालायचं. मेलेल्या जंतूंचा हा गढूळ काढा म्हणजे लस. एका मोठ्या माणसाला पुढे अडीच-तीन घन सेंटिमीटर पुरे होत. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतली ती दहा घन सेंटिमीटर. ताप चढला, टोचलेली बाजू ठणकली, पण ते कामावर येत राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लस समजावून सांगितली गेली आणि जे तयार झाले त्यांना टोचलं. टोचल्या दिवशीच तिघांच्या अंगावर गाठी दिसल्या आणि ते दगावले. रोग त्यांच्यात आधीच शिरलेला होता. बाकीच्यांचा हिशेब असा की न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि कोणी मेलं नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घराघरांत निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. तिथं न टोचलेल्यांत सत्तावीस आजारी पडले आणि त्यातले सव्वीस गेले. टोचलेल्यांत आठ आजारी पडले आणि तिघे गेले. एकाच छपराखालची, एकाच चुलीवरचं खाणारी ही माणसं. निम्म्यांना न टोचता ठेवणं आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि ते योग्यच आहे. पण या सव्वीस मृत्यूंनी लसीबद्दलची शंका मिटवली, हेही खरं.

लस लोकांपर्यंत नेणं हे मात्र वेगळं आणि अवघड काम होतं. मुंबईत देवी काढणं १८०२ पासून चालू होतं. पण ते दंडावर ओरखडा काढून. कातडीखाली सुई घालून कोणी काही सोडतं हे लोकांना नवं होतं, आणि ते नेमकं अशा वेळी आलं की सरकारचा प्रत्येक हात लोकांना शत्रूचा वाटत होता. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेऊ लागले, बायकांना चव्हाट्यावर तपासलं गेलं आणि २२ जूनच्या रात्री प्लेग बंदोबस्ताचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. या सगळ्या जबरदस्तीत हाफकिन यांची सुई ऐच्छिक होती. जो येईल त्यालाच टोचायचं. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपली वाडी या कामाला दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, एकदा नव्हे, अनेकदा. पुढे काही ठिकाणी टोचून घेतल्याचा दाखला असेल तर विलगीकरणातून सूट मिळू लागली. ती जबरदस्ती नव्हती, पण पुरती खुशीही राहिली नाही. तरी माणूस आपल्या पायांनी आला तर त्याच्या कातडीखाली काही ठेवण्याचा अधिकार मिळतो, एवढं हाफकिन यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं, आणि प्लेगच्या त्या काळात ही गोष्ट फार मोठी होती.

१० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा रीतसर उघडली. मागणी इतकी वाढली की हाफकिन यांनी लस करण्याच्या पद्धतीत बदल केला, आणि त्यात कार्बॉलिक ॲसिड गळलं. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचलं गेलं. त्यातल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती, तिचा क्रमांक ५३-एन. पंजाबात सुईबद्दल आधीच अफवा होत्या, की ती गजभर लांब असते, टोचल्यावर माणूस सहा महिन्यांत मरतो, पुरुषाचं पौरुष जातं. मुल्कोवालनं त्या अफवांना एकोणीस चिता आणि कबरींचा आधार दिला.

चौकशी समितीनं बोट परळकडे दाखवलं. हाफकिन यांना पदावरून दूर केलं. मग हळूहळू दुसरी बाजू उजेडात आली. गावात बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. बाटली परळहून निघतानाच दूषित असती तर आठवड्यांनंतर उघडल्यावर तिला दुर्गंधी सुटली असती. तसं काही नव्हतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनंही हेच मत दिलं. तरी सरकारी कागद वर्षानुवर्षं दाबून राहिले. शेवटी २९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर मोठ्या शास्त्रज्ञांचं पत्र छापून आलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली होती. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यात. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं, तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९३० मध्ये लोझानला हाफकिन वारले.

मराठी घरांत कातडीखालच्या सुईची सर्वांत जास्त दहशत बसली ती मात्र प्लेगमुळे नाही, कुत्र्यामुळे. १९११ मध्ये कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस तयार केली. रोज एक, अशा चौदा सुया, पोटावर. तिचा उल्लेख घराघरांत ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ असाच होत आला, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आतड्यापर्यंत गेलेली सुई उभी राहायची. प्रत्यक्षात ती पोटाच्या कातडीखालीच टोचत असत. पोट निवडलं कारण लसीचा द्रव बराच असे आणि तिथली कातडी सैल; शिवाय रोज जागा बदलायला भरपूर वाव. दुखायचं खरंच. मेंढीच्या मेंदूचा अंश लसीत असल्यानं काही जणांना लसीचाच लकवा होई, तीही भीती खरी होती. ही लस आपल्याकडे २००४-०५ मध्ये बंद झाली.

भीती मात्र बंद झालेली नाही. कुत्रा चावल्यावर चौदा सुयांच्या धास्तीनं दवाखाना टाळणारी माणसं अजून भेटतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात काही उरत नाही. आजची लस पेशींवर वाढवलेली, पोटाला हात न लावता दंडात टोचतात; सरकारी दवाखान्यांत ती बहुधा कातडीतच, दोन्ही दंडांवर, एकूण चार खेपांत देतात. चावा कातडीपार गेला असेल तर त्यासोबत प्रतिद्रव्याचं औषध जखमेतच भरावं लागतं. आणि हे सगळं होण्याआधी, घरीच, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची असते.